घरबसल्या डेटा एन्ट्री: करार आलाय, पैसे भरू का?

विक्रोळीची_सूनबाई

नमस्कार मंडळी. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. बाळ दहा महिन्यांचं आहे. आधी साकीनाक्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंगला होते, बाळंतपणाच्या रजेनंतर परत गेले नाही. सासूबाई गावी, आई कांदिवलीला पण तिचे गुडघे गेलेत. बाळाला ठेवायचं कुणाकडे? एकट्याच्या पगारात भाडं, दूध, डायपर सगळं बसवताना महिनाअखेरीला ओढाताण होते, म्हणून घरून काही करता येतं का बघतेय.

सध्या दोन कामं समोर आहेत.

पहिलं डेटा एन्ट्रीचं. व्हॉट्सॲपवर माहिती आली. ६०० पानं, ७ दिवस, पानाला ३० रुपये, म्हणजे एका आठवड्याचे १८ हजार. ९८ टक्के अचूकता हवी. नमुन्याचं पान पाठवलंय: वाकडं स्कॅन केलेलं, इंग्रजीत औषधांची नावं आणि पत्ते, आणि 'मूळ पानातल्या चुका तशाच ठेवा' अशी सूचना. रजिस्ट्रेशनचे २,००० अधिक जीएसटी, मिळून २,३६० भरायचे. पहिल्या बिलात परत मिळतील म्हणतात. पावतीचा नमुनाही आलाय. वर गुजरातचा पत्ता, खाली सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के. जीएसटी नंबरही छापलाय. १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार आहे, त्यावर सही करून सेल्फीसकट फोटो पाठवायचा. आधार, पॅन आणि कॅन्सल्ड चेकही मागितलाय.

दुसरं नणंदेने सुचवलेलं. टेलिग्रामवर हॉटेलांना स्टार द्यायचे, स्क्रीनशॉट पाठवायचे. तिला २०० रुपये खरंच खात्यात आले. मी डोळ्यांनी बघितले.

नवरा म्हणतो दोन्ही सोड. नणंद म्हणते, बसून तरी काय करणारेस. (बसून! दहा महिन्यांच्या पोराबरोबर!) अजून कुठेही सही केलेली नाही, पैसे भरलेले नाहीत. कुणाला अनुभव असेल तर सांगा. आणि खरंखुरं घरचं काम मिळतं का हो कुठे?

परळ_स्लो

भरू नका.

लोकलच्या डब्यात दाराशेजारी 'घर बैठे कमाइए' वाली स्टिकरं असतात ना, त्याचीच ही व्हॉट्सॲप आवृत्ती. ते स्टिकर चिकटवणारा पोरगा आधी स्वतः घरी बसला असता की. आमच्या मजल्यावर एकीला नामांकित कंपनीच्या नावाने पेन्सिली पॅक करायचं काम 'मिळालं' होतं. आधी आयकार्डाचे पैसे, मग कुरिअरचे, मग मालाच्या विम्याचे. पेन्सिल एकही आली नाही.

बाकी सविस्तर हिशोबनीस ताई सांगतील, त्यांचा हा आवडीचा विषय आहे.

हिशोबनीस

आवडीचा कसला, रागाचा विषय आहे.

अगं, मी भांडुपला राहते आणि गेली कित्येक वर्षं घरूनच दुकानांची अकाउंट्स बघते. नागदेवी स्ट्रीटची दोन हार्डवेअरची दुकानं, घाटकोपरचं एक कापडाचं, आणि हल्ली एक केटरर. तेव्हा आधी तुझ्या त्या पावतीबद्दल बोलते, कारण ती वाचून मला हसूच आलं. पावती गुजरातची आणि कर सीजीएसटी-एसजीएसटी? केंद्राचा आणि राज्याचा असा अर्धा-अर्धा कर राज्यातल्या राज्यात लागतो. गुजरातच्या माणसाने मुंबईच्या पत्त्यावर बिल फाडलं तर त्यावर आयजीएसटी लागतो, १८ टक्के, एकाच ओळीत. हे बिल ज्याने बनवलं त्याने आयुष्यात जीएसटीचं रिटर्न भरलेलं नाही. आता त्यावरचा जीएसटी नंबर मोज. १५ अक्षरं हवीत. पहिले दोन आकडे राज्याचे: गुजरातचे २४, आपले २७. मग दहा अक्षरांचा पॅन, मग उरलेली तीन. जीएसटीच्या सरकारी साइटवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये नंबर टाकलास की धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख, चालू आहे की रद्द, सगळं फुकटात दिसतं. लॉगिनसुद्धा लागत नाही. पण बरोबर निघाला तरी हुरळून जाऊ नकोस. हे लोक दुसऱ्या कुणाचा तरी खरा नंबर उचलून छापतात. कंपनीचं नाव कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर सापडलं तरी तेच. सापडलेल्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा फोन लावायचा आणि विचारायचं, की बाबा ही माणसं तुमचीच का. व्हॉट्सॲपवर आलेला नंबर लावायचा नाही, त्यावर 'हो' म्हणणारा माणूस बसवलेलाच असतो.

स्टॅम्प पेपरचंही तेच. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात असल्या करारांना १०० चा स्टॅम्प चालत नाही, ५०० चा लागतो. यांच्याकडे जुनाच एक स्कॅन करून ठेवलेला असतो, नावं तेवढी बदलतात.

आता कामाकडे ये. ६०० पानं सात दिवसांत, म्हणजे दिवसाला ८५-८६ पानं. तुझा टायपिंगचा वेग चांगला असेल असं धरू. तरी असल्या औषधांच्या नावांचं पान बघून, टाइप करून, तपासून दहा मिनिटं जातातच. चौदा तास झाले रोजचे. बाळ, जेवण, झोप धरलेलं नाही. ते काम पुरं होऊच नये म्हणून तसं बेतलेलं असतं. ९८ टक्के अचूकता आणि वर 'चुका तशाच ठेवा'! तू बरोबर टाइप केलंस तरी ते म्हणणार चूक, आणि चूक टाइप केलंस तरी चूक. तपासणारे तेच. आणि छापील पानाचा मजकूर फोनचा कॅमेरासुद्धा आता घटकेत उचलून देतो, त्यासाठी पानाला ३० रुपये कोण मोजतं?

खरा धंदा त्या २,३६० मध्ये नाहीच, तो पुढे आहे. सातव्या दिवशी 'क्यूसी फेल', म्हणजे तपासणीत नापास, असा मेल येतो. मग फोन: तुम्ही करार मोडला, पाच-सहा हजार नुकसानभरपाई भरा. मग 'वकिलाचा' फोन. मग तराजूचं चित्र छापलेली नोटीस, कोर्टाची तारीख, पोलीस घरी येतील, नवऱ्याच्या ऑफिसात कळवू. माझ्या ओळखीतली एक शिकलेली, बी.कॉम. झालेली बाई घाबरून मंगळसूत्र गहाण टाकायला निघाली होती. तिला मी सांगितलं ते तुलाही सांगते. करार खरा असता तरी तो मोडणं हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे. त्यासाठी पोलीस कुणाला उचलत नाहीत. आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंड कितीही लिहिलेला असो, कोर्ट वाजवी भरपाईपलीकडे देत नाही. कोर्टाचं समन्स खासगी माणसाच्या व्हॉट्सॲपवरून 'आज संध्याकाळी सहापर्यंत पैसे भरा' असं येत नसतं.

हॉटेलच्या स्टारचं. ते २०० रुपये म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ आहे. पुढच्या आठवड्यात नणंदबाईंना 'व्हीआयपी ग्रुप' मध्ये घेतील. तिथे पन्नास लोक रोज कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतील, बहुतेक सगळे त्यांचेच. मग 'प्रीपेड टास्क': हजार भरा, तेराशे घ्या. ते तेराशेही येतील! मग पाच हजार, मग वीस. एका वेबसाइटवर आकडा फुगताना दिसेल, पण काढायला गेलं की तुमची ऑर्डर चुकली, स्कोअर कमी झाला, आधी टॅक्स भरा. टॅक्सचं तर लक्षातच ठेव. टीडीएस आपल्या पैशातून कापून घेतात, आपल्याकडून वेगळा मागत नाहीत. आणि खरा कापला असेल तर प्राप्तिकराच्या साइटवर आपल्या पॅनखाली तो दिसतो. माझ्या केटररने कापलेला मला दिसतो म्हणून तर त्याच्याशी भांडण होत नाही. तुझ्या नणंदेला आजच थांबव. तिला वाईट वाटेल. वाटू दे.

राहिला प्रश्न खऱ्या कामाचा. ते आहे, पण मिळवायला दमछाक होते. मला नागदेवीचं पहिलं दुकान मिळालं ते मी आधी ज्या सीएकडे होते त्यांच्या शब्दावर. शेठने पहिल्या महिन्यात फक्त खरेदीची बिलं दिली, बँकेचं स्टेटमेंट दाखवलं नाही. विश्वास बसल्यावर एकेक गोष्ट हातात आली. अजून महिन्यातून एकदा मी मस्जिद बंदरला उतरून दुकानात जातेच, समोरासमोर बसल्याशिवाय काही हिशोब सुटत नाहीत. रोज संध्याकाळी दुकानातला मुलगा बिलांचे फोटो टाकतो, आणि दर तीन फोटोंमागे एकात त्याचा अंगठा नेमका इनव्हॉइस नंबरवर. ११ तारखेपर्यंत विक्रीचं रिटर्न, १४ ला पुरवठादारांनी काय भरलं ते दिसतं, ते आपल्या बिलांशी जुळवायचं, २० ला ३बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न. १५ ते २० माझ्या घरात कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजत नाही. एखाद्या पुरवठादाराने रिटर्न भरलं नसेल तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, दिसत नाही आणि शेठ माझ्यावर ओरडतो. असं असतं खरं काम. दुकानामागे तीन-चार हजार महिन्याला. आठवड्याला १८ हजार नाही.

बाकी शिकवण्या आहेत, मराठीतून ऑडिओ ऐकून लिहून द्यायची कामं आहेत, भाषांतर आहे, घरून कस्टमर केअर आहे. या सगळ्यांत आधी चाचणी घेतात, निम्म्याहून जास्त जणांना नापास करतात, आणि पैसे मागत नाहीत. कस्टमर केअरला बंद दाराची खोली आणि ठरलेली शिफ्ट लागते. तुझ्या बाळाने फोनवर एकदा भोकाड पसरलं की ग्राहक आधी आणि सुपरवायझर नंतर चिडणार, तेव्हा ते सध्या नको. सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर आणि आपल्या राज्याच्या महास्वयमवर नाव नोंदवायला एक पैसा लागत नाही, नोंदवून ठेव. मात्र तिथून फोन येईल म्हणून वाट बघत बसू नकोस.

विक्रोळीची_सूनबाई

ताई, मोजला. नंबर १४ च अक्षरांचा आहे!! नवऱ्याला दाखवलं तर तो इतका खूश झाला की मला त्याचा राग आला.

नणंदेशी बोलले. तिने अजून पैसे भरलेले नाहीत, पण 'प्रीपेड' चा मेसेज कालच आलाय. ग्रुप सोडला तिने.

आता अडचण अशी की डेटा एन्ट्रीवाल्यांना मी नको म्हणाले, तर बाई म्हणते तुमचं रजिस्ट्रेशन 'ॲक्टिव्ह' झालंय, रद्द करायचे १,५०० पडतील, नाहीतर लीगल टीम फोन करेल. सही तर मी केलीच नाही. आधारचा फोटो मात्र नणंदेने त्या टेलिग्रामवाल्यांना दिलाय. त्याचं काय करायचं?

निवृत्त_बँकवाला

ताई, पस्तीस वर्षं बँकेत काढली, शेवटची काही मुलुंडच्या शाखेत. क्रमाने सांगतो.

त्या १,५०० ला उत्तर देऊ नका. 'मी पोलिसांत जाईन' असंही लिहू नका, वाद घातला की त्यांना कळतं की नंबर जिवंत आहे. मेसेज, नमुन्याचं पान, पावती, नंबर यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मग ब्लॉक करा. आधी ब्लॉक करून चॅट उडवू नका, पुरावा जातो. असे नंबर संचार साथी पोर्टलच्या 'चक्षू' मध्ये कळवता येतात. पैसे गेलेले नसले तरी कळवता येतात, त्यासाठीच ते आहे.

नणंदबाईंनी आधारचे बायोमेट्रिक आधारच्या ॲपमधून लॉक करून ठेवावेत. हवे तेव्हा उघडता येतात. यापुढे कुणाला द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार द्यावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. खात्यावर लक्ष ठेवावं, आणि मुख्य म्हणजे अनोळखी रक्कम जमा झाली तर ती 'परत पाठवा' म्हणणाऱ्याला पाठवू नये, बँकेत जाऊन लेखी द्यावं.

हे शेवटचं का सांगतोय ते ऐका, कारण यावर कुणी बोलत नाही. 'घरबसल्या पेमेंट प्रोसेसिंग' नावाचं एक काम असतं. तुमच्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवून पुढे पाठवा. किंवा खातं, एटीएम कार्ड आणि सिम महिनाभर भाड्याने द्या. ते पैसे कुणाचे? तर नणंदबाईंसारख्याच दुसऱ्या कुणाचे, ज्यांनी 'टास्क' साठी भरले. त्या माणसाने तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत पहिलं पोहोचतात ते तुमच्या खात्यावर. खातं गोठतं, आणि कधी कधी ज्या राज्याचं नाव फक्त नकाशात पाहिलंय तिथल्या पोलिसांची नोटीस घरी येते. माझ्या शाखेत एक कॉलेजचा मुलगा असा आला होता. त्याने काढले होते जेमतेम चार हजार, आणि खातं त्याच्या वडिलांबरोबर जॉइंट होतं. वडिलांचा पगार त्यातच जमा व्हायचा. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाचे पैसे खरंच गेले असतील तर १९३० ला फोन करा. उद्या सकाळी नाही, त्याच क्षणी. हे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यात फिरतात आणि शेवटी एटीएममधून निघतात. मध्ये कुठेतरी असतानाच अडवता येतात. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या यूपीआय आयडीला गेले तो हाताशी ठेवा. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार पूर्ण करा. ठाण्यात 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणाले तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मात्र पिन तुम्ही स्वतः टाकलेला असेल तर बँकेकडून भरपाईची आशा फार धरू नका. मी बँकेचाच माणूस आहे, म्हणून स्पष्ट सांगतो.

गिरगावची_मावशी

सगळं कॉम्प्युटरवरच का शोधता गं तुम्ही मुली?

१९५९ साली आमच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. मी स्वतः लाटलेत. सकाळी केंद्रावर जायचं, आदल्या दिवशीचे पापड मोजून द्यायचे, मजुरी घ्यायची, मळलेलं पीठ घेऊन यायचं. पीठ त्यांचं, लाटणारे हात आपले. जाड झाला, वाकडा झाला तर बाजूला काढत, तिथे ओळखदेख चालायची नाही. घरात स्वच्छता आणि वाळवायला जागा लागायची, आणि पावसाळ्यात त्या जागेसाठी जीव मेटाकुटीला यायचा.

पण सूनबाई, तुझं रांगणारं पोर आहे ना? मग पापड विसर. तो आधी वाळत घातलेल्यावरून रांगेल आणि मग खाईल.

मालाडकडे इमिटेशन ज्वेलरीचं काम घरी देतात, खडे चिकटवायचं, कडी अडकवायचं. ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांवर भाव असतो आणि फार कमी असतो, डोळे जातात ते वेगळेच. तरी कुणी करणार असेल तर माल देणारा कारखाना स्वतःच्या डोळ्यांनी बघून यावा आणि जी आधीपासून करते तिच्याशी बोलून घ्यावं. पोराच्या तोंडात खडा जाईल, तेव्हा तुझ्यासाठी तेही नाही.

हिशोबनीस



सूनबाई, काल रात्री तुझा पहिला मेसेज परत वाचला. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंगला होतीस म्हणतेस. ई-वे बिलं, म्हणजे गाडीतल्या मालासाठी पोर्टलवर काढायचा कागद, बनवायचीस का? आणि त्याच ऑफिसला घरून कामाचं विचारलंस का कधी? २०१७ ला मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा २६ आठवड्यांच्या रजेबरोबर हेही घातलं होतं, की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर मालक आणि बाई आपसात ठरवून घरून काम करू शकतात. सक्ती नाही, पण विचारायला कायद्यात जागा आहे. राजीनामा दिला असशील तर ते लागू नाही, तरी विचारायला कोण अडवतंय?

विक्रोळीची_सूनबाई

बनवायचे ना, दिवसभर तेच. बिल्टी (माल घेतल्याची पावती), ई-वे बिल, गाडी बदलली की पार्ट बी, म्हणजे त्यातला गाडीच्या नंबरचा भाग. राजीनामा दिलाय. पण त्यांनी नीट निरोप दिला होता. मला वाटलं ते फक्त ऑफिसात बसूनच करायचं काम.

हिशोबनीस

अगं मग तू टायपिंगची पानं कसली शोधत होतीस!

ई-वे बिलाची मुदत किती? २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी कसाऱ्याला बंद पडली, धुळ्याला अडकली की मुदत संपते. वाढवायची असेल तर संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते नेहमी रात्री अपरात्रीच होतं, आणि तेव्हा ऑफिसात कुणी नसतं. ड्रायव्हर मालकाला उठवतो, मालक झोपेत चुकीचा नंबर टाकतो. नागदेवीच्या माझ्या शेठचा माल नाशिकच्या पुढे याच कारणाने अडकला होता, आणि दंडाची रक्कम ऐकून त्याने माझ्यासमोर पाणी मागितलं. छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांना घरून फोन उचलणारं, पोर्टल कळणारं माणूस हवंच असतं. तू तशीही रात्री बाळासाठी जागीच असशील. :)

आधी जुन्या सरांनाच मेसेज कर. मोठं पत्र नको. 'संध्याकाळी सात ते सकाळी सात ई-वे बिल, मुदतवाढ आणि पार्ट बी घरून सांभाळीन, महिना काय देता' एवढंच.

विक्रोळीची_सूनबाई

केला मेसेज. सर म्हणाले शनिवारी बाळाला घेऊनच ये, बघू. त्यांच्या शेजारच्या गाळ्यातल्या ट्रान्सपोर्टवाल्यालाही विचारणार म्हणाले. मी किती मागू? आणि काय काय आधी ठरवून घेऊ?

हिशोबनीस

एका बिलामागे दर घेऊ नकोस. ज्या रात्री काहीच झालं नाही त्या रात्रीही तू फोन जवळ घेऊनच झोपलेली असणार, त्याचे पैसे कोण देणार? महिन्याचा ठरीव आकडा घे आणि अमुक बिलांपेक्षा जास्त झाली तर वरचे वेगळे. सरांकडे काय चालतं ते तुला माहीत आहे, त्याप्रमाणे बोल. पण पहिला आकडा त्यांना बोलू दे.

त्यांच्या मुख्य लॉगिनचा पासवर्ड घेऊ नकोस, त्यांनी दिला तरी. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर बनवता येतो, तुझ्या नावाचा वेगळा बनवून मागून घे. उद्या कुणी चुकीचं बिल काढलं तर ते कुणी काढलं हे तरी कळेल. दोन्ही ट्रान्सपोर्टवाल्यांचं जमलं तर दोन वेगळे लॉगिन, दोन वेगळ्या वह्या. आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाणार असेल तर रात्री दोनला तो कोण सांगणार, हे शनिवारीच विचार. माझी अर्धी भांडणं त्या ओटीपीपायीच होतात.

जे ठरेल ते घरी आल्यावर त्यांनाच व्हॉट्सॲप कर, 'आज बोललो त्याप्रमाणे' म्हणून, तारीख आणि आकड्यासकट. त्यावर त्यांचं 'ओके' आलं की पुरे. स्टॅम्प पेपर नको.